हरवलेल्या तारखेचा वाढदिवस : एक ऐतिहासिक मागोवा

संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षांची पूर्तता हा कृतार्थतेचा क्षण असतो. स्थापनेचा दिवस निश्चित असतो, त्या दिवशी सभा भरते, ज्येष्ठांचा सत्कार होतो, स्मरणिका प्रकाशित होते. व्यक्तीच्या आयुष्यातही पंचविसाव्या, पन्नासाव्या आणि पंचाहत्तराव्या वर्षाचे असेच महत्त्व आपण मानतो. परंतु २९ फेब्रुवारी रोजी जन्मास आलेल्या मनुष्याच्या वाट्याला या तीन महोत्सवांपैकी एकही त्याच्या जन्मतारखेला येत नाही. कारण अगदी साधे आहे. लीप वर्षाच्या आकड्याला चाराने निःशेष भाग जातो. त्यात पंचवीस, पन्नास किंवा पंचाहत्तर मिळवले की येणाऱ्या आकड्याला तो जात नाही. म्हणून रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव आणि अमृतमहोत्सव हे तिन्ही सोहळे त्याला दुसऱ्या कोणत्या तरी दिवशी साजरे करावे लागतात. साठी आणि शताब्दी मात्र बहुधा स्वतःच्या तारखेस लाभते.

वरवर पाहता ही गंमत वाटते. परंतु जन्मतारखेवर सज्ञानता अवलंबून असते, वारसाहक्क अवलंबून असतो, सेवानिवृत्ती अवलंबून असते. ज्याची तारीख दिनदर्शिकेतच नाही, त्याचे वय कोणत्या दिवशी वाढते, हा प्रश्न म्हणूनच राजांना, न्यायाधीशांना आणि पंचांगकारांना पडत आला. त्यांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास मनोरंजक आहेच, शिवाय बोधप्रदही आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा हा संक्षिप्त मागोवा.

रोमन विधिज्ञाचा निवाडा

सूर्यवर्ष सुमारे ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटांचे असते. दिवसांची मोजणी पूर्ण आकड्यांत करावयाची तर हे वरचे तास कोठे तरी सामावून घ्यावे लागतात. इ. स. पूर्व ४५ मध्ये ज्युलियस सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या ज्योतिर्विदाच्या सल्ल्याने दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढविण्याची पद्धत रोममध्ये सुरू केली. हा दिवस आजच्याप्रमाणे फेब्रुवारीच्या अखेरीस जोडला जात नसे. रोमन लोक तारखा पुढच्या महिन्याच्या आरंभापासून मागे मोजत. १ मार्चपूर्वीचा सहावा दिवस, म्हणजे आपली २४ फेब्रुवारी, ते लीप वर्षात दोनदा मोजत. एकाच नावाचे दोन दिवस पाठोपाठ येत. आपल्या पंचांगातील वृद्धितिथीची आठवण व्हावी, अशीच ही रीत होती.

मग या जोडदिवसांपैकी एखाद्या दिवशी मूल जन्मले तर त्याचा वाढदिवस कोणता? सेल्सस या रोमन विधिज्ञाने याचा निवाडा केला. तो सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विधिसंग्रहात जतन झाला आहे. त्याचा आशय असा की, हे दोन दिवस कायद्याच्या दृष्टीने एकच होत. मूल पहिल्या दिवशी जन्मले वा दुसऱ्या, त्याने काही फरक पडत नाही. दोघांचाही जन्मदिवस तोच सहावा दिवस. साध्या वर्षी जन्मलेल्याने मात्र लीप वर्षी जोडदिवसांपैकी पहिला दिवस आपला मानावा, कारण वाढीव दिवस हा दुसरा होय. तेराव्या शतकात इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्यापुढे न्यायालयातील एक वर्षाच्या मुदतीसंबंधी असाच पेच आला, तेव्हा त्यानेही वाढीव दिवस आणि त्याच्या आदला दिवस मिळून एकच दिवस धरावा, असा आदेश काढला. वाढीव दिवसामुळे कोणाचा हक्क वाढू नये आणि कोणाचा बुडू नये, ही न्यायबुद्धी या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी दिसते.

गळालेले दिवस

सीझरच्या पद्धतीत वर्ष सुमारे अकरा मिनिटांनी अधिक धरले गेले होते. अकरा मिनिटे ती काय, असे वाटेल. परंतु सुमारे १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत ही तफावत दहा दिवसांची झाली. तेव्हा पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये सुधारणा केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरण्यात आला, आणि पुढे ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप वर्ष मानू नये, असे ठरले. म्हणून १७००, १८०० व १९०० ही लीप वर्षे झाली नाहीत. १६०० आणि २००० ही झाली. आजच्या गणनेत ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि त्यांत २९ फेब्रुवारी केवळ ९७ वेळा येते.

ही सुधारणा सर्व राष्ट्रांनी एकाच वेळी स्वीकारली नाही. स्वीडनने १७०० मध्ये लीप दिवस गाळून हळूहळू नव्या गणनेकडे जाण्याचे ठरविले. परंतु १७०४ आणि १७०८ मध्ये तो गाळण्याचे राहून गेले. तेथील दिनदर्शिका जुन्या आणि नव्या अशा दोन्ही गणनांशी विसंगत झाली. अखेर जुन्या गणनेकडे परतण्यासाठी १७१२ मध्ये स्वीडनने फेब्रुवारीत दोन दिवस वाढविले आणि त्या देशात ३० फेब्रुवारी ही तारीख प्रत्यक्षात अवतरली! त्या दिवशी तेथे जन्मलेल्या मुलांची जन्मतारीख त्यांच्या हयातीत पुन्हा कधीच आली नाही.

ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये बदल केला. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडली. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेप्रमाणे ११ फेब्रुवारीचा. त्यावेळी वर्षारंभ मार्चमध्ये होत असल्याने त्यांचे जन्मवर्षही १७३१ असे लिहिले जाई. नव्या गणनेप्रमाणे ही तारीख २२ फेब्रुवारी १७३२ झाली आणि अमेरिकेने तीच राष्ट्रीय उत्सवासाठी स्वीकारली. विसाव्या वर्षापर्यंत एका तारखेला वाढदिवस असलेला मनुष्य एकविसाव्या वर्षी दुसऱ्या तारखेचा झाला.

आपल्याकडील उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाच्या हृदयाशी निगडित आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार या दिवशी झाला, हे मत महाराष्ट्र शासनाने स्वीकारले असून १९ फेब्रुवारी १६३० या तारखेस शिवजयंती साजरी होते. ही तारीख सीझरच्या जुन्या गणनेतील आहे, कारण त्या काळचे इंग्रज तीच गणना वापरीत. नव्या गणनेत रूपांतर केल्यास तोच शुक्रवार १ मार्च १६३० येतो. तिथी एकच, वार एकच, सूर्योदय एकच. तारखा मात्र दोन. तिथीने जयंती साजरी करणारे आणि तारखेने साजरी करणारे असे दोन्ही प्रवाह महाराष्ट्रात आहेत. तारीख ही मनुष्याने घटनेला लावलेली खूण आहे, प्रत्यक्ष घटना नव्हे, हे ध्यानात ठेवले तर या विषयावरील वादाची धार पुष्कळच कमी होते.

आपल्या पंचांगाची दृष्टी

भारतीय पंचांगात तर तिथीचा क्षय आणि वृद्धी ही नित्याची बाब आहे. तिथीची लांबी सुमारे २० ते २७ तासांच्या दरम्यान बदलते. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयापूर्वीच संपली, तर तिचा क्षय मानतात. दोन सूर्योदयांना तीच तिथी असली, तर वृद्धी मानतात. चांद्रवर्ष सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे साधारणतः ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. २००४ साली अधिक श्रावणात जन्मलेल्या मुलाला पुन्हा अधिक श्रावण पाहावयास मिळाला तो एकोणीस वर्षांनी, २०२३ मध्ये. म्हणून त्याचा वाढदिवस एरवी नेहमीच्या श्रावणात करावयाचा, हा व्यवहार आपल्या घरांत कोणत्याही कायद्यावाचून चालत आला आहे.

जैन ज्योतिषाची परंपरा या बाबतीत विशेष उल्लेखनीय आहे. ‘सूर्यप्रज्ञप्ती’ या आगमग्रंथात पाच वर्षांचे एक युग मानले असून त्यात १,८३० दिवस आणि ६२ चांद्रमास सांगितले आहेत. पाच वर्षांचे साठ महिने वजा जाता दोन महिने अधिक उरतात. जुन्या जैन गणनेनुसार ते पौष आणि आषाढ हेच असत. मोजणीतून उरणारा काळ टाकून न देता त्याला नियमाने स्थान द्यावयाचे, ही दृष्टी त्यातून दिसते.

याहूनही अर्थपूर्ण आहे तो भगवान महावीरांच्या जन्मोत्सवाचा परिपाठ. जन्मकल्याणक चैत्र शुद्ध त्रयोदशीचे, हे सर्वविदित आहे. परंतु श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन चालू असता, सर्वसाधारणपणे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, प्रभूंच्या जन्माचा प्रसंग वाचला जातो. चौदा स्वप्ने उतरविली जातात, पाळणा झुलविला जातो. हा जन्मतिथीचा दिवस नव्हे, हे तेथे जमलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. तरीही त्या आनंदात तसूभर उणेपणा येत नाही. कारण तेथे महत्त्व असते ते वाचनाला, श्रवणाला आणि त्या निमित्ताने घडणाऱ्या भावशुद्धीला.

महात्मा गांधींनाही असेच दोन जन्मदिवस लाभले. २ ऑक्टोबर आपण सारे जाणतो. परंतु गुजरातेत भाद्रपद वद्य द्वादशीस, त्यांच्या जन्मतिथीस, ‘रेंटिया बारस’ पाळण्याची प्रथा पडली. रेंटिया म्हणजे चरखा. आपल्या जन्माचा उत्सव करण्यापेक्षा त्या दिवशी सूत कातावे, अशी गांधीजींची इच्छा होती. म्हणून तो दिवस त्यांच्या नावाने ओळखला न जाता चरख्याच्या नावाने ओळखला गेला.

शाळेच्या दाखल्यावरील १ जून

महाराष्ट्रात मागील पिढ्यांमध्ये याच्या नेमकी उलट अवस्था होती. तारीख हरविलेली नव्हती, ती मुळात कोणी लिहूनच ठेवलेली नव्हती. खेड्यापाड्यांत मूल पोळ्याच्या आगेमागे जन्मले, मोठ्या पुराच्या वर्षी जन्मले, अशा खुणांनी वय सांगितले जाई. शाळा जूनमध्ये सुरू होत. मुलाला पहिलीत घालताना गुरुजी अंदाजाने वय बसवीत आणि दाखल्यावर १ जून ही तारीख लिहीत. त्यामुळे महाराष्ट्रात १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या आश्चर्य वाटावे इतकी मोठी दिसते. एकाच घरातील तीन भावांचे वाढदिवस १ जूनला, असेही चित्र पाहावयास मिळते.

या सोयीस्कर तारखेचा परिणाम चाळीस-पन्नास वर्षांनी दिसून येई. शासकीय सेवानियमानुसार कर्मचारी ज्या महिन्यात नियत वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. मात्र ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे १ जूनची मंडळी ३१ मे रोजी निवृत्त होतात. त्या दिवशी शाळांपासून तहसील कार्यालयांपर्यंत ठिकठिकाणी निरोपसमारंभ झडतात ते गुरुजींच्या लेखणीमुळे. याच नियमाने २९ फेब्रुवारीच्या कर्मचाऱ्याचा प्रश्नही सोडविला आहे. निवृत्तीचे वय ५८ असेल तर ते वर्ष कधीही लीप नसते आणि त्याला २८ फेब्रुवारीस निरोप मिळतो. ते ६० असेल तर बहुधा त्याच्या स्वतःच्या तारखेस.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर नोंदी हळूहळू नियमित होत गेल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा ठरला आहे. पुढच्या पिढ्यांत १ जूनचे मानकरी असे अकस्मात वाढणार नाहीत.

कायद्याने घेतलेली दखल

सज्ञान होण्याचा दिवस हा त्याहून नाजूक प्रश्न. अठरा वर्षांनी येणारे वर्ष कधीच लीप नसते, म्हणून २९ फेब्रुवारीस जन्मलेल्या कोणत्याही व्यक्तीला अठरावा वाढदिवस स्वतःच्या तारखेस मिळत नाही. १८७५ चा भारतीय सज्ञानता कायदा करताना ही गोष्ट कायदेपंडितांच्या नजरेतून सुटली नाही. त्या मूळ कायद्यात नियम स्पष्ट करण्यासाठी जी उदाहरणे दिली होती, त्यांपैकी एक २९ फेब्रुवारी १८५२ रोजी जन्मलेल्या व्यक्तीचे आहे. तिच्या मालमत्तेवर न्यायालयाने पालक नेमला असल्याने त्यावेळच्या तरतुदीप्रमाणे ती एकविसाव्या वर्षी सज्ञान व्हावयाची. कायदा सांगतो की, २८ फेब्रुवारी १८७३ या दिवसाच्या आरंभीच ती सज्ञान झाली. म्हणजे १ मार्चची वाट पाहण्याचे कारण नाही.

सर्व देशांचा निर्णय मात्र सारखा नाही. तैवानमध्ये २८ फेब्रुवारी मानतात, तर ब्रिटन आणि हाँगकाँगमध्ये १ मार्च. दोन्ही पक्षांना आधार आहे. फेब्रुवारीचा अखेरचा दिवस म्हणून २८ योग्य. फेब्रुवारीच्या अठ्ठाविसाव्या दिवसानंतरचा दिवस म्हणून १ मार्च योग्य. गणिताने हा वाद मिटत नाही. समाजाने एक दिवस ठरवावयाचा आणि तो सर्वांनी पाळावयाचा, एवढाच त्यावरचा उपाय.

एकाच तारखेची दोन माणसे

आता या तारखेने भारताला दिलेल्या दोन व्यक्तींकडे वळू. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ रोजी आजच्या वलसाड जिल्ह्यातील भदेली येथे झाला. १९०० हे लीप वर्ष नव्हते. त्यामुळे इतर लीप बालकांना चौथ्या वर्षी मिळणारा पहिला खरा वाढदिवस मोरारजींना आठव्या वर्षी मिळाला, २९ फेब्रुवारी १९०४ रोजी. आणि नेमक्या त्याच दिवशी मदुराईत एक कन्या जन्मास आली. ती म्हणजे पुढे ‘कलाक्षेत्र’ संस्थेच्या संस्थापिका म्हणून विख्यात झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल.

मोरारजींचे नाव घेताच महाराष्ट्राला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील गोळीबार आणि हुतात्मे आठवतात. ती कटुता इतिहासाचा भाग आहे. त्याचबरोबर शाकाहार, मद्यनिषेध आणि व्यक्तिगत संयम यांबाबतची त्यांची निष्ठा त्यांच्या विरोधकांनीही मान्य केली. केंद्रीय अर्थमंत्री या नात्याने त्यांनी दहा अर्थसंकल्प सादर केले. त्या काळी अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मांडला जाई. त्यामुळे १९६० आणि १९६८ मध्ये त्यांनी स्वतःच्या वाढदिवशीच देशाचा जमाखर्च संसदेपुढे ठेवला. मधल्या १९६४ च्या लीप वर्षी तो मान टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेला, कारण कामराज योजनेखाली मोरारजींनी १९६३ मध्ये पद सोडले होते. २४ मार्च १९७७ रोजी ते पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचे वय ८१ होते. परंतु तारखेने मोजलेले वाढदिवस अवघे एकोणीस! १० एप्रिल १९९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ९९ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला २३ वाढदिवस आले होते.

रुक्मिणीदेवींची कीर्ती प्रामुख्याने भरतनाट्यमच्या पुनरुज्जीवनासाठी आहे. १९३६ मध्ये त्यांनी मद्रासला अड्यार येथे कलाक्षेत्राची स्थापना केली. परंतु जीवदया मानणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे आणखी एक कार्य आवर्जून स्मरणात ठेवावे असे आहे. १९५२ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. तेथे त्यांनी प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालण्यासाठी खासगी विधेयक मांडले. अशी विधेयके सहसा चर्चेवरच संपतात. त्यांनी मात्र मुक्या जिवांची बाजू इतक्या तळमळीने मांडली, की पंतप्रधान नेहरूंनी शासनातर्फे या विषयावर कायदा आणण्याचे आश्वासन दिले. त्या आश्वासनावर त्यांनी विधेयक मागे घेतले. चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि अखेर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा संमत झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. आज एखादा कार्यकर्ता जनावरांनी खच्चून भरलेला ट्रक अडवून पोलिसांकडे तक्रार करतो, तेव्हा ज्या कायद्याचा आधार घेतो, त्याच्या मुळाशी या विदुषीची चिकाटी आहे.

या दोघांच्या आयुष्याचे धागे १९७७ मध्ये जुळले. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर ते पद रिक्त झाले होते. पंतप्रधान मोरारजींनी राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी रुक्मिणीदेवींना विचारले. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि त्या आपल्या कलाक्षेत्रातच राहिल्या. पुढे नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. एकाच दुर्मिळ तारखेस जन्मलेल्या दोन व्यक्ती एकाच वेळी देशाच्या सर्वोच्च दोन पदांवर असण्याचा योग असा हुकला. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवींचे निधन झाले. ब्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील त्या जीवनात २९ फेब्रुवारी वीसच वेळा आली होती. परंतु त्यांच्यामुळे कायद्याचे संरक्षण मिळालेल्या मुक्या जिवांची गणती कोण करणार?

वाढदिवसाचे दान

तारीख उपलब्ध असूनही ती गैरसोयीची असू शकते. ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांचा जन्म ९ नोव्हेंबरचा. तेथील थंडीपावसात संचलन करणे कठीण, म्हणून राजाचा सार्वजनिक वाढदिवस उन्हाळ्यात साजरा होऊ लागला; राजे तिसरे चार्ल्स यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा असूनही त्यांच्यासाठीचे संचलन जूनमध्येच होते. राजाला दुसरी तारीख सहज मिळते. सामान्य घरच्या मुलीला ती कोण देणार?

‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८९१ मध्ये सामोआ बेटावर राहत होते. तेथील अमेरिकन अधिकारी हेन्री आइड यांची कन्या ॲनी हिचा जन्म नाताळच्या दिवशीचा. सारे जग नाताळ साजरा करीत असता आपला वाढदिवस वेगळा असा कधी होतच नाही, ही त्या मुलीची खंत होती. स्टीव्हन्सन वकिलीचे शिक्षण घेतलेले होते. त्यांनी रीतसर दस्तऐवज तयार केला, आपल्या १३ नोव्हेंबर या जन्मदिवसावरील सर्व हक्क त्या मुलीच्या नावे करून दिले आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आपले वय आता वाढदिवसाची आवश्यकता नसण्याइतके झाले आहे, असे कारणही त्यात नमूद केले. तिने दिवस नीट पाळला नाही तर तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे जाईल, अशी मिस्कील अटही त्यांनी घातली. तीनच वर्षांनी, १८९४ मध्ये, स्टीव्हन्सन यांचे निधन झाले. दानाचे अनेक प्रकार आपण जाणतो. त्यांत हे दान निराळेच म्हणावे लागेल. देणाऱ्याचे काही उणे झाले नाही आणि घेणाऱ्या मुलीला मात्र स्वतःचा असा एक दिवस मिळाला.

समारोप

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. काळाची मोजणी कितीही सूक्ष्म केली तरी तिच्या कडेला काही तरी उरतेच. तो उरलेला अंश कोणाच्या तरी वाट्याला येतो आणि तो मनुष्य गणनेबाहेर पडू नये याची जबाबदारी भोवतालच्या समाजावर येते. सेल्ससने आणि १८७५ च्या कायदेपंडितांनी ती आपल्या लेखणीने पार पाडली. अधिक मासातील बाळाचा वाढदिवस नेहमीच्या महिन्यात करणाऱ्या आपल्या आजीने ती कोणतेही शास्त्र न उघडता पार पाडली.

आपल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर दडलेले आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ती २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. तिच्यानुसार लीप वर्षातील २९ फेब्रुवारी म्हणजे फाल्गुन १०. आणि साध्या वर्षी १ मार्च, तीही फाल्गुन १०. अर्थात या दिनदर्शिकेने चालणाऱ्या लीप बालकाला दरवर्षी वाढदिवस लाभतो! परंतु उरलेला दिवस तेथेही नाहीसा झालेला नाही. लीप वर्षात चैत्र महिना ३१ दिवसांचा होतो, म्हणून २० एप्रिलला जन्मलेल्या बालकाची ३१ चैत्र ही तारीख साध्या वर्षी सापडत नाही. अडचण फक्त एका घरातून उठून दुसऱ्या घरी गेली.

आपल्या परिसरात २९ फेब्रुवारीस जन्मलेले एखादे मूल असेल, तर चार वर्षांनी एकदा त्याची थट्टा करून थांबू नये. २८ फेब्रुवारी किंवा १ मार्च, कोणताही एक दिवस घरच्यांनी ठरवावा, तो दरवर्षी निष्ठेने पाळावा आणि त्या दिवशी त्याच्या हातून एखादे सत्कृत्य घडवावे. पांजरपोळात चारा द्यावा, पाखरांसाठी पाणी ठेवावे, गरजू विद्यार्थ्याला पुस्तके द्यावीत. याच तारखेस जन्मलेल्या रुक्मिणीदेवींचा वारसा त्याला याहून अधिक चांगल्या रीतीने कसा सांगता येईल?

२९ फेब्रुवारी २००० रोजी जन्मलेल्या मुलांनी आता पंचविशी ओलांडली आहे. त्यांच्यापैकी जे दीर्घायुषी होतील, त्यांची शताब्दी २१०० मध्ये येईल. आणि २१०० हे लीप वर्ष नाही. रौप्य, सुवर्ण, अमृत हे महोत्सव तर त्यांना स्वतःच्या तारखेस मिळणारच नाहीत, परंतु इतर लीप बालकांना लाभणारी शताब्दीची तारीखही त्यांना लाभणार नाही. त्या दिवशी त्यांच्याजवळ कोणी तरी असावे, आणि तारीख कोणती हे न विचारता त्याने त्यांना ओवाळावे.